फट : एक तिकीट

सकपाळांची आठवण आली की मला आधी चीड येते. प्रेम, आदर वगैरे जे काय असेल ते नंतर, चहा पोटात गेल्यावर. इतकी वर्षं झाली तरी हा क्रम बदललेला नाही, आणि तो बदलावा म्हणून मी फारसे कष्टही घेतलेले नाहीत.

ऐंशीनंतरची ती वर्षं. नव्या मुंबईत नवं जे होतं ते बरंचसं कागदावरच होतं. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा एक गाळा होता. आमचा म्हणजे पाटीलशेठचा. शेठ मूळचे तळवलीचे. नव्या शहरासाठी त्यांची भातशेती सरकारने घेतली, आणि मोबदल्याचं जे आलं ते सगळं शेठनी या गाळ्यात घातलं. एक लेथ, दोन ड्रिल मशीन, तीन फिटर, ड्रॉइंगला सकपाळ आणि ऑफिसात मी, एवढा संसार. मोठ्या कारखान्यांना लागणाऱ्या क्लिपा, ब्रॅकेटं, पट्ट्या आम्ही करून द्यायचो. टायपिंग, हजेरी, फोन आणि माल पाठवणं माझ्याकडे होतं. शिवाय आलेल्या गिऱ्हाइकाला "ड्रॉइंग होतच आलंय, बसा ना" असं सांगून बसवून ठेवणं, हेही माझंच काम. हे काम पूर्णपणे सकपाळांनी निर्माण केलेलं होतं.

सकपाळ मूळचे खेडकडचे, राहायला मानखुर्दला. खाडीपूल ओलांडून येणाऱ्या बसने यायचे. उंच, काटकुळा माणूस; मान कायम किंचित पुढे, जणू समोरचं काहीतरी तिरकं आहे आणि ते यांनाच दिसतंय. कानावर पेन्सिल. शर्टाचा खिसा नेहमी फुगलेला. पहिल्यांदा मला वाटलं, बऱ्यापैकी पाकीट दिसतंय. मग कळलं की खिशात सगळी बसची तिकिटं होती. वापरलेली. माणूस बसमधून उतरला की तिकीट चुरगळून टाकतो. सकपाळ ते सरळ करून, घडी न पाडता खिशात ठेवायचे. आल्या आल्या "नमस्कार" नाही की "काय कसं" नाही. आधी माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर तळवा दाबून बघायचे. टेबल हललं की खिशातून एक तिकीट काढून, दुमडून पायाखाली. खिडकीची काच वाजली की फटीत तिकीट. माझ्या टाइपरायटरखालीसुद्धा होतं एक. मी केर काढायला लागले की तिकिटं निघायची, आणि ती काढली म्हणून बोलणी मीच खायची.

आणि त्यांचं ते एक वाक्य. "अजून कच्चं आहे, बाय."

ड्रॉइंग मागितलं, अजून कच्चं आहे. दोन आठवड्यांनी मागितलं, तरी कच्चं. चहा आला तर कपात डोकावून म्हणायचे, अजून कच्चा आहे. शेठनी पुतण्यासाठी पाहिलेलं स्थळ यांना सहज सांगितलं, तर मुलगी न बघता, घर न बघता म्हणाले, "अजून कच्चं वाटतंय." शेठ दोन दिवस बेचैन होते. गिऱ्हाईक घाईला आलं की सकपाळ शांतपणे सांगायचे, "घाई असेल तर उद्या या." घाई नसेल तर केव्हा यायचं, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

माझ्या कपाटाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ऑफिसात एक लोखंडी कपाट होतं. त्याचं दार खाली घासायचं. मी ते चुकून सकपाळांसमोर बोलले. त्यांनी लगेच दार काढलं. "बिजागरीचं भोक गोल आहे, बाय. गोल भोकात दार सरकणार कुठे? भोक लांबट पाहिजे. लांबट असलं की जरा इकडे, जरा तिकडे करता येतं." हे त्यांचं दुसरं वेड. जगातलं प्रत्येक भोक लांबट असावं. दार भिंतीला टेकून उभं राहिलं. पावसाळा लागला, सरला. उघड्या कपाटातल्या फायलींवर लेथची धूळ बसत होती आणि मी रोज फडकं मारत होते. दसऱ्याला मशीनना झेंडूचे हार घातले तेव्हा शेठनी एक त्या दारालाही घातला. म्हणाले, "आता ते पन आपल्या कामावरच हाय." सकपाळ हसलेसुद्धा नाहीत. हार वाळून गळला तरी दार तिथेच होतं.

मानखुर्दला सकपाळांच्या वस्तीत जयंतीच्या मिरवणुकीसाठी एका वर्षी कमान उभारायची ठरली. ड्रॉइंगवाला घरचाच, म्हणून काम यांच्याकडे आलं. ही हकीकत त्यांनी मला स्वतःच, अभिमानाने सांगितली. मिरवणूक वाजतगाजत आली तेव्हा हे शिडीवर, हातात पाना. खाली मंडळी थांबलेली. यांनी वरून सांगितलं, कमान अजून कच्ची आहे, बाजूच्या गल्लीतून जा. मिरवणूक बाजूच्या गल्लीतून गेली. "आणि कमान?" मी विचारलं. "दुसऱ्या दिवशी पक्की झाली," ते म्हणाले, "एक नंबर. कोन असा, की बघणारा बघतच राहतो." मी कपाळावर हात मारला. त्यांना वाटलं, डोकं दुखतंय.

तर अशा माणसाच्या हातात आमच्या गाळ्याचं नशीब गेलं, त्याची ही गोष्ट.

त्या वर्षी मोठ्या कारखान्यांचं काम आटलं होतं. कुठे संप, कुठे टाळं. आमचा लेथ अर्धा दिवस झाकलेला असायचा. शेठ बोलायचे नाहीत, पण एकदा एक माणूस येऊन लेथभोवती फिरून, दात बघून बैल विकत घेतल्यासारखं सगळं तपासून गेला, तेव्हा आम्हाला सगळ्यांना कळलं. तुकाराम, इस्माईल आणि घरत हे तिघे फिटर त्या दिवशी जेवायला एकत्र बसले, पण कुणी डबा पूर्ण संपवला नाही.

अशात कॅप्टन आले. जहाजावरून निवृत्त झालेले, झुबकेदार मिशांचे गृहस्थ. काखेत एक खोका, आणि खोक्यात रेडिओवर चालणारी मोटारगाडी. दोन्ही हातांत मावेल एवढी, परदेशातून आणलेली. त्यांनी ती गाळ्याबाहेर रस्त्यावर ठेवली, तिचं अंगठ्याएवढं इंजिन सुरू केलं आणि हातातल्या डबीवरच्या कांड्या हलवल्या. गाडी बोंबलत सुटली. निळा धूर आणि एरंडेलाचा वास; मला लहानपणीचा रविवार सकाळचा जुलाब आठवला. शेजारच्या गाळ्यांतून माणसं बाहेर आली. वळणावर गाडी फुरफुरली आणि बंद पडली.

"हे असं होतं," कॅप्टन म्हणाले. "याला लागणारं तेल इथे मिळत नाही. स्पिरिट, एरंडेल घालून घरी करतो, तर इंजिन रुसतं. आमच्या हौशी मंडळात पुष्कळांकडे अशा गाड्या पडून आहेत. इंजिन काढून विजेची मोटर बसवायची आहे. मोटरी मी आणल्यात, बॅटऱ्या आहेत. फक्त इंजिनाच्या जागी मोटर धरून ठेवणारी बैठक पाहिजे."

या बैठकीला गाळ्यात सगळे माउंट म्हणायचे. दिसायला ती काहीच नाही. ॲल्युमिनियमची काटकोनात वाकवलेली पट्टी. आडवा भाग गाडीच्या तळाला बोल्टने बसतो, उभ्या भागाला मोटर. कॅप्टनना पहिल्यांदा चाळीस हवे होते, मोटरीसकट गाड्यांत बसवून, चालवून. हिवाळ्यात वाशीच्या मोकळ्या मैदानावर त्यांच्या मंडळाचा मेळावा होता. तिथे गाड्या नीट धावल्या तर दुसऱ्या शहरांतल्या मंडळांचंही काम वर्षभर आमच्याकडे येणार होतं.

कॅप्टन गेल्यावर शेठ मला म्हणाले, "बाय, येवढा जमला तर शटर वर राहील. नाय तर मना लेथ काढायला लागल." मग सकपाळांच्या टेबलाकडे बघितलं. सकपाळ गाडी उलटी धरून तिच्या पोटात डोळा लावून बसले होते. शेठनी एक सुस्कारा टाकला आणि ते बाहेर गेले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सकपाळांनी आधी पुठ्ठ्याचे माउंट केले. बिस्किटांचे खोके संपले तेव्हा तेलाच्या डब्यांच्या पत्र्याचे केले. मग लाकडाचा. त्यांना कळलं की प्रत्येक कंपनीच्या गाडीच्या तळाची भोकं वेगळ्या अंतरावर आहेत. साधा माणूस चार प्रकारचे माउंट काढून मोकळा झाला असता. सकपाळांनी ठरवलं, माउंट एकच, आणि तो सगळ्या गाड्यांना बसला पाहिजे. कसा? भोकं लांबट. खाली लांबट, उभ्या पट्टीतही लांबट. कॅप्टनचा फोन यायचा आणि मी सांगायची, होतच आलंय. कॅप्टन जहाजावरचे, आवाज चढवायची सवय. रिसीव्हर मी कानापासून वीतभर लांब धरायला शिकले.

एक दिवस मी टेबलाशी जाऊन उभीच राहिले. "सकपाळ, आता काय राहिलंय?"

"फट," ते म्हणाले.

मग त्यांनी मला दाखवलं. मोटरच्या दांड्यावर एक बारकं दातेरी चाक असतं. ते गाडीच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. दोन्हींचे दात एकमेकांत फार रुतले तर मोटर तापते, अडते. फार लांब राहिले तर दात नुसते आपटतात आणि झिजून जातात. मध्ये केसभर जागा लागते. सकपाळांनी दोन चाकांच्या मध्ये एक बसचं तिकीट घातलं, मोटर लांबट भोकात सरकवून तिकिटावर दाबली, स्क्रू आवळले आणि चाक फिरवलं. तिकीट दुसऱ्या बाजूने बाहेर आलं, दातांचे वळ उमटलेलं. मग बोटाने चाक फिरवून माझ्या कानाशी धरलं. आवाजच नव्हता. खरं सांगते, मला ते फार आवडलं. पण तसं दाखवलं असतं तर आणखी महिना गेला असता.

"मग लिहा ना आकडा. किती जागा सोडायची ते."

"आकडा कशाला? तिकीट आहे ना."

"तिकीट म्हणजे किती?"

"तिकीट म्हणजे तिकीट, बाय. आकडा लिहिला की फिटर आकडा बघतो. गाडी बघत नाही."

पालथ्या घड्यावर पाणी. मी परत येऊन टाइपरायटरवर बसले आणि राग किल्ल्यांवर काढला.

शेवटी शेठनीच ते संपवलं. सकपाळ डबा खायला बसले असताना त्यांनी टेबलावरच्या पिना काढल्या, ड्रॉइंग गुंडाळलं आणि सरळ फिटरांकडे नेऊन दिलं. सकपाळ तोंडातल्या घासासकट उठले. "शेठ, अजून कच्चं आहे."

"असू दे कच्चा," शेठ म्हणाले. "तव्यावर घातल्याबिगर भाकर भाजत नाय."

सकपाळ परत बसले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. ड्रॉइंग मीही पाहिलं होतं. रेषा अशा की बघत राहावं. खाली कोपऱ्यात सहीची चौकट, ती नेहमीसारखी कोरी. आणि चाकांच्या जागी बाण काढून सुवाच्य अक्षरात लिहिलेलं : फट, एक तिकीट.

काम मात्र झपाट्यानं झालं. महिन्याभरात चाळीसही गाड्या तयार, गल्लीत दोन-दोन मिनिटं पळवून बघितलेल्या. फिटर खूश, शेठ खूश, कॅप्टन पेढे घेऊन आले. सकपाळांनी पेढा घेतला, दाबून बघितला आणि ठेवून दिला.

मेळाव्याच्या रविवारी आम्ही सगळे वाशीच्या मैदानावर गेलो. चुना टाकून रस्ता आखला होता, बाहेरगावची मंडळी खुर्च्यांवर बसली होती. गाड्या सुटल्या. पहिल्यांदा छान वाटलं. धूर नाही, वास नाही. मग एक गाडी किंचाळायला लागली. दुसरी खडखड करत चालली आणि तिचं चाक फिरेना, नुसती मोटर फिरत राहिली. तिसरीतून जळका वास आला. काही गाड्या मात्र सुरेख पळत होत्या, त्यामुळे बाकीच्यांची शोभा जास्तच दिसली. कॅप्टन मैदानाच्या मध्ये उभे होते. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शेठनी मान खाली घातली आणि चपलेने गवत उकरत राहिले. सकपाळ एकेका मेलेल्या गाडीजवळ जाऊन उकिडवे बसत होते आणि तिला कान लावत होते. त्या क्षणी मला तो माणूस डोळ्यांसमोर नको झाला होता.

सोमवारी सगळ्या गाड्या खोक्यांतून परत आल्या. सकपाळांनी तिन्ही फिटरना माझ्या टेबलाशी बोलावलं. कुणाला काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, "फट कशानं लावली?"

"तिकिटानं," तिघेही म्हणाले. "तसंच लिहिलेलं ना."

"बघू तिकीट."

पनवेलहून येणाऱ्या तुकारामने खिशातून लाल डब्याचं तिकीट काढून टेबलावर ठेवलं. ठाण्याहून येणाऱ्या इस्माईलने ठाण्याच्या बसचं. सकपाळांनी दोन्ही चिमटीत धरून चोळली, मग आपलं खाडीपुलावरच्या बसचं काढून चोळलं. तिन्हींचा कागद वेगळा; इस्माईलचा तेवढा त्यांच्या तिकिटाच्या जवळपास. त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मग त्यांनी घरतकडे पाहिलं. घरतने एक गुलाबी कपटा ठेवला.

"हे कसलं तिकीट?"

"बिडीच्या बंडलाचा कागद हाय, साहेब."

"तिकीट का नाही वापरलंस?"

"मी हितलाच, पावन्याचा," घरत म्हणाला. "चालत येतंय. मना तिकीट कोन देल?"

मला हसू आवरेना. इतक्या महिन्यांचा राग, मैदानावरची शरम, सगळं त्या हसण्यात निघालं. इस्माईलही हसला. शेठ दारात उभे होते. ते हसले नाहीत. सकपाळ बिडीच्या कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या खिशातली तिकिटं टेबलावर ओतली, एकेक चोळून सारख्या कागदाची निवडली आणि तिघांना वाटली.

आता हेही सांगायला हवं. एकही माउंट टाकून द्यावा लागला नाही. भोकं गोल असती तर चाळीसच्या चाळीस भंगारात गेले असते. लांबट होती म्हणून स्क्रू सैल केले, तिकीट घातलं, मोटर सरकवली, आवळलं. झिजलेली बारकी चाकं काढून कॅप्टनकडची जादा चाकं बसवली. दोन-तीन मोटरी जळल्या होत्या, त्याही बदलल्या. आठवडाभरात गाड्या मांजरासारख्या चालायला लागल्या. कॅप्टननी त्या आमच्या गल्लीत पुन्हा पळवल्या आणि शेजारच्या गाळ्यांतली माणसं पुन्हा बाहेर आली. म्हणजे ज्या माणसाच्या हट्टामुळे गाडं अडलं, त्याच्याच दुसऱ्या हट्टाने ते निघालं. आता अशा माणसावर धड रागावायचं तरी कसं?

कॅप्टन खूश झाले, पण कच्च्या गुरूचे चेले नव्हते. शेठना म्हणाले, "पुढचं काम देतो. पण माझ्या हातात ड्रॉइंग पाहिजे, त्यावर आकडा पाहिजे आणि करणाऱ्याची सही पाहिजे. उद्या बसवाल्यांनी कागद बदलला, तर माझ्या गाड्या बंद पडायच्या का?"

आणि सकपाळांनी नाही म्हटलं.

म्हणजे तोंडाने नाही म्हटलं नाही. तिकीट मापायला मायक्रोमीटर घेऊन बसले. दर वेळी आकडा वेगळा. "कागद दबतो, बाय. जोरात धरलं की एक, हळू धरलं की दुसरं. यातला खरा कुठला लिहू?" चार दिवस हेच. कॅप्टनचा फोन. मी म्हणायची, होतच आलंय. लेथभोवती फिरून गेलेला माणूस पुन्हा येऊन गेला.

मी एकदा चिडून विचारलं, "सकपाळ, तुम्हाला भीती कशाची वाटते?"

त्यांनी पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली. "आकडा लिहिला आणि चुकला, तर दोष माझा."

"आणि तिकीट चुकलं ते?"

ते म्हणाले, "तोही माझाच." पण आकडा काही लिहिला नाही. तेव्हा मला हा माणूस पहिल्यांदा नीट कळला. कच्चं असेपर्यंत वस्तूला कुणी नाव ठेवू शकत नाही, आणि माणसालाही. सगळं आयुष्य त्यांनी या आडोशाला काढलं होतं. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ ड्रॉइंगच्या टेबलाशी आले. ते तिकडे सहसा जायचे नाहीत. रेषा बघितल्या की त्यांना आपल्या जमिनीचे सरकारी नकाशे आठवायचे. स्टूल ओढून बसले. मशीन बंद होती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"सकपाल," शेठ म्हणाले, "माझी जमीन घेतली तवा मना कचेरीत बोलावला. कागद पुढं ठेवला. मी साहेबाला इचारला, या आकड्यात माझा भात धरला काय? माझा बांध धरला काय? तो बोलला, सगला धरलाय, सही कर. मना ठाव होता, सगला नाय धरला. सगला कोनालाच धरता येत नाय. मना पन तवा कच्चाच वाटत होता." शेठनी ड्रॉइंगच्या कोऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. "सही केली. त्यातून ह्यो गाला झाला. त्यात तुमी आलात, बाय आली, ती तिगा पोरा आली. आता तुमी करा."

शेठ उठून बाहेर गेले आणि नळावर जाऊन तोंड धुऊन आले.

त्या दुपारी सकपाळांनी तिकीट बाजूला ठेवलं. पितळेची एक पट्टी घेतली, कानशीने घासत गेले, मग पॉलिश कागदावर घासत गेले. मधून मधून ती दोन चाकांच्या मध्ये घालायचे, चाक फिरवायचे, कान लावायचे. पट्टी दबत नव्हती. चाकं बोलायची थांबली तेव्हा पट्टी मायक्रोमीटरमध्ये धरली. पुन्हा धरली. आकडा तोच. मग ड्रॉइंगवरचं "एक तिकीट" ब्लेडने खरवडून तिथे आकडा लिहिला. पेन्सिलीने नाही, शाईने. आणि कोपऱ्यातल्या चौकटीत सही केली. रेषा इतक्या सुरेख काढणाऱ्या माणसाची सही शाळकरी मुलासारखी वेडीवाकडी आली. चहा आला होता तो न घेता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी आले तर माझ्या कपाटाला दार होतं. बिजागरीची भोकं लांबट केलेली. दार लागत होतं. खाली अगदी थोडं घासत होतं, पण ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

लेथ राहिला. शटर वर राहिलं. कॅप्टनचं काम येत राहिलं, मग दुसरी कामं आली, पुढे शेठनी महाप्याला आणखी एक गाळा घेतला. सकपाळ अजून काही वर्षं होते आणि अजून काही वर्षं माझा जीव खात होते. पण ड्रॉइंग मागितलं की आता कुरकुरत का होईना, सही करून द्यायचे. प्रत्येक माउंटबरोबर पितळेची ती पट्टी द्यायचा नियम त्यांनीच घातला. फिटर तिला तिकीटच म्हणायचे. नवीन पोरांना वाटायचं, ते इंग्रजी हत्याराचं नाव आहे.

नोकरी संपल्यावर ते गावी जायला निघाले. सामान आणि घरची माणसं आधीच पुढे गेली होती. हे एकटेच मागे राहिले होते, कारण कुलपाचं काहीतरी अजून कच्चं होतं. शेठ आणि मी त्यांना पोहोचवायला पनवेलच्या स्टँडवर गेलो. लाल डबा उभा होता. सकपाळ खिडकीशी बसले. कंडक्टरने पंच खटखटवत, भाड्याची बेरीज जुळवून, रंगीबेरंगी तिकिटांचा पुंजका त्यांच्या हातात दिला. सकपाळांनी लगेच एक चिमटीत धरून चोळलं. मग दुसरं. मान पुढे आली. मला पुढचं सगळं दिसायला लागलं, पण बोलेपर्यंत उशीर झाला.

बस हलली तसा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि अख्खा पुंजका शेठच्या हातात कोंबला. "शेठ, हे नमुन्याला ठेवा. यांचा कागद आता आणखी जाड झालाय. कुणी चुकून याने फट लावली तर वाट लागेल. पट्टीनंच लावा. आणि आकडा आहे म्हणून नुसता आकडा बघू नका."

"अवो सकपाल," शेठ बसमागे धावत सुटले, "तुमचा तिकीट हाय त्यो."

सकपाळांना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं असेल. त्यांनी "असू दे, माझ्याकडे पुष्कळ आहेत" असा हात केला आणि खिशावर थोपटलं. धुरळ्यात मला शेवटचं दिसलं ते एवढंच, तो फुगलेला खिसा आणि त्यावरचा हात. बस कर्नाळ्याच्या रस्त्याला लागली. शेठ धापा टाकत परत आले, हातात पुंजका.

"आता काय करनार ह्यो मानूस?" ते म्हणाले.

काय करणार ते मला न सांगताच दिसत होतं. पुढे कुठेतरी तपासनीस चढणार, तिकीट मागणार, आणि सकपाळ खिशातून मानखुर्दच्या बसची मूठभर जुनी तिकिटं काढून त्याच्या हातावर ठेवणार. मग त्याला समजावून सांगणार की कागद कुणाचा चांगला. मी तिथेच स्टँडवर, माणसांच्या गर्दीत, पदर तोंडाला लावून रडले. आणि रडतानासुद्धा मला त्यांचा राग येत होता.